जुनी जर्मन आर्चटॉप घेऊ, की नवी प्लायची? (बेळगाव, पावसाळ्याच्या तोंडावर)

टिळकवाडी_स्विंग (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. कॅम्पातल्या एका घरात जुनी आर्चटॉप गिटार विकायला निघाली आहे. फुगीर कोरीव पोट, दोन्ही बाजूंना एफच्या आकाराची भोकं, पितळी टेलपीस (तारांची खालची टोकं अडकतात तो), लाकडी ब्रिज (घोडी) नुसता तारांच्या दाबावर उभा. हेडस्टॉकवर नाव नाही, आत लेबल होतं त्या जागी फक्त डिंकाचा डाग. घरचे म्हणतात जर्मन आहे, 1950-60 च्या दरम्यान मुंबईहून आणलेली. पिकअप (तारांचा आवाज ॲम्पकडे नेणारं यंत्र) नाही. मागताहेत 45,000.

दुसरीकडे पणजीच्या दुकानात नवी, प्लायवुडची आयबानेझ आर्टकोर एएफ75 आहे. तिला थोडे जास्त पडतील, पण वॉरंटीसकट.

मी जॅझ वाजवतो. सोबत ड्रम आणि बास असतात, म्हणजे ॲम्प आलाच. घरीही रोज दोन तास बसतो. शनिवारी जुनी बघायला जाणार आहे. काय काय तपासू? आणि तुम्ही माझ्या जागी असता तर कुठली घेतली असती?

खडेबाजार_ब्लूज
नवी घ्या. विषय संपला.

निपाणीकर
विषय आत्ता तर सुरू झालाय हो.

नाव नसलेल्या जर्मन आर्चटॉप भरपूर आहेत. युद्धानंतर श्योनबाख भागातले कारागीर विस्थापित होऊन बवेरियात बुबेनरॉइटच्या आसपास वसले. तिथून घाऊक व्यापाऱ्यांना बिननावाचा माल जायचा आणि दुकानदार आपलं नाव चिकटवायचे. त्यामुळे नाव नाही म्हणून गिटार वाईट ठरत नाही, आणि जर्मन म्हणून भारीही ठरत नाही. त्याच गावांतून उत्तम कोरलेल्या टॉपच्या (वरच्या फळीच्या) गिटारी निघाल्या आणि स्वस्तातल्या दाबून वाकवलेल्याही निघाल्या.

नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) लगेच पुढे एक जादा फ्रेट, म्हणजे झीरो फ्रेट आहे का बघा. असेल तर जर्मन असण्याला बळ येतं. आणि नेकमध्ये ट्रस रॉड, म्हणजे नेक सरळ करायची आतली सळई, आहे का? त्या काळच्या बऱ्याच जर्मन गिटारींत तो नसायचाच. नसेल तर नेक आज जशी आहे तशीच मिळणार, पाना फिरवून सरळ होणार नाही.

कडोलीचा_किशा
आतून बगा पयला. वरनं पॉलिश बगून खूश हून जाऊ नका. मोबाईलचा सेल्फी कॅमेरा एफ-होलला लावायचा, आत बारका एलईडी सोडायचा आणि व्हिडिओ काडायचा. टॉपच्या खाली दोन लांब पट्ट्या असतात, ब्रेस म्हणतात त्यास्नी. त्या टॉपला पुरत्या चिकटल्यात का बगा. मग बोटाच्या पेरानं टॉपवर हलकं टकटक करत फिरा. कुटंतरी खर्र आवाज आला की समजा, तितं पट्टी सुटलीय.

आणि एफ-होलच्या टोकापासनं तडा निघालाय काय ते बी बगा. टॉप पयला तितंच फुटतोय.

खडेबाजार_ब्लूज
किशा, तू डॉक्टर व्हायला हवा होतास.

कडोलीचा_किशा
मग तुमाला तपासायला घेतलं असतं की मालक.

सतारमेकर_गल्ली
मी मिरजेचा. घरात तीन पिढ्या सतार-तंबोऱ्याचं काम. गिटारी अधूनमधून दुरुस्तीला येतात म्हणून लिहितो.

सुटलेली पट्टी हे मोठं दुखणं नाही. जुनं वाद्य बहुधा सरसाने जोडलेलं असतं. सरस गरम पाण्याने सुटतो आणि पुन्हा नीट लागतो, म्हणून कुठल्याही मिस्त्रीला त्यात पांढरा डिंक किंवा इपॉक्सी ओतू देऊ नका. एकदा ते गेलं की पुढच्या माणसाला सांधा स्वच्छ उघडता येत नाही.

घोडी बघा. तिचे दोन पाय टॉपच्या गोलाईला पूर्ण टेकले पाहिजेत. पायाखालून कागद सरकला तर आवाज तिथेच मरतो. यावर उपाय सोपा आहे. टॉपवर बारीक पॉलिशपेपर उलटा, खरखरीत बाजू वर करून ठेवायचा, चिकटपट्टीने धरायचा आणि घोडीचा पाय त्याच जागी पुढे-मागे घासायचा. टॉपचा आकार पायात उतरतो. नवीन घोडी करायची तर खानापूर-दांडेलीकडचं शिसव त्याला झकास.

एल_फाइव्ह_प्रेमी
धागाकर्त्याला माझं स्पष्ट मत: पट्टी, घोडी, नेक ठीक असेल आणि टॉप खरंच कोरलेला असेल तर जुनी घ्या. दोनदा विचार करू नका.

आर्चटॉप म्हणजे मुळात कोरीव टॉप. गिब्सनमध्ये लॉइड लोअरने 1922 मध्ये एल-5 आणली. व्हायोलिनसारखा कोरलेला स्प्रूसचा टॉप आणि एफ-होल असलेली ती पहिली गिटार, 16 इंची. तेव्हा ॲम्प नव्हते. पितळी वाद्यांच्या ताफ्यात गिटार ऐकू यायची तर ती स्वतःच बोलली पाहिजे. म्हणून पुढे एल-5 वाढून 17 इंची झाली, 1934 मध्ये 18 इंची सुपर 400 आली. न्यूयॉर्कमध्ये जॉन डि'अँजेलिको मरेपर्यंत, म्हणजे 1964 पर्यंत, हाताने कोरत बसला. काउंट बेसीच्या बँडमधला फ्रेडी ग्रीन आठवा. जवळजवळ आयुष्यभर ॲम्पशिवाय चार ठोके वाजवले आणि अख्खा बँड त्याच्यावर उभा राहिला. तो आवाज प्लायमधून येत नाही. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटलेले, ते हलणार किती?

तुम्ही घरी रोज दोन तास बसता म्हणता. त्या दोन तासांसाठी घ्या.

रात्रपाळी_अनगोळ
एल_फाइव्ह_प्रेमी, इतिहास अर्धाच सांगितलात.

1936 मध्ये गिब्सनची इलेक्ट्रिक ईएस-150 आली आणि चार्ली ख्रिश्चनने ती हातात घेतल्यावर गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीने सोलो घेऊ लागली. मग 1949 मध्ये गिब्सननेच ईएस-175 काढली. तिचा टॉप प्लायचा. स्वस्त पडावी हे एक कारण होतंच, पण कमी थरथरणारा टॉप ॲम्पसमोर कमी शिट्टी मारतो (फीडबॅक म्हणतात तो) हा तिचा गुणच ठरला. जिम हॉल आणि जो पास दोघांनी 175 वर काय काय केलंय ते ऐका आणि मग प्लायला हिणवा. आपण जो ‘जॅझ गिटारचा आवाज’ म्हणून डोक्यात धरून बसलोय, तो निम्म्याहून जास्त या प्लायच्या गिटारीचाच आहे.

धागाकर्ता ड्रम-बासबरोबर वाजवतो. जुन्या कोरीव गिटारीला पिकअप बसवून ड्रमशेजारी उभा राहिला की पहिल्या गाण्यातच हुंकार सुरू होईल. टॉप कापून पिकअप बसवणं तर गुन्हाच. पिकगार्डवर टांगता पिकअप लावता येतो, पण शिट्टीचा प्रश्न तसाच राहतो.

एल_फाइव्ह_प्रेमी
वेस माँटगोमेरी एल-5 वरच वाजवायचा. इलेक्ट्रिक, कोरीव टॉपची. त्याला कुठे शिट्टीने अडवलं?

रात्रपाळी_अनगोळ
त्याच्या टॉपमध्ये पिकअप पक्के बसवलेले होते, त्यानेच टॉपची थरथर कमी होते. इथे पिकअप नसलेली, वजनाला हलकी, अकूस्टिक गिटार आहे. तुलना बरोबरीची नाही.

जांबोटी_घाट
दोघंही एक गोष्ट विसरताय. पाऊस.

मी खानापूरच्या पलीकडे राहतो. जून ते सप्टेंबर आमच्या घरात चामड्याच्या चपलेवर बुरशी येते. माझ्याकडे कोरीव टॉपची एक ईस्टमन आहे, एआर805. आषाढात टॉप फुगतो, ब्रिज वर उचलला जातो आणि ॲक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) वाढते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी उलटं होतं, टॉप बसतो, तारा फ्रेटला खरखरतात. ब्रिजच्या दोन चाकांनी वर-खाली करून घेतो. तडा अजून गेलेला नाही, कारण ती केसबाहेर राहतच नाही. आत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र, पावसाळ्यात सिलिका जेल आणि उन्हाळ्यात ओला स्पंज घातलेली भोकाची डबी. 45 ते 55 टक्क्यांत ठेवायचा प्रयत्न असतो.

गिटारीवर माझा जीव आहे. पण हे सगळं वर्षभर करणार असाल तरच कोरीव घ्या. गिटार भिंतीला टांगून ठेवायची असेल तर प्लाय घ्या आणि सुखाने वाजवा. बेळगाव शहरात आमच्यापेक्षा बरं असेल, पण वडगाव-शहापूरच्या जुन्या मातीच्या भिंतींच्या घरात फार फरक पडत नाही.

कॅम्पवाली
ही गिटार कुठल्या घरातली ते माझ्या लक्षात आलं आहे, नाव लिहीत नाही. तिथले आजोबा क्लबातल्या नाचांना वाजवायचे. कॅम्पात गोवेकर कुटुंबं बरीच. चर्चच्या शाळेत सॉल्फा शिकलेली, त्यामुळे कुठलाही कागद समोर ठेवा, वाजवणार. त्यांच्यातलेच कितीतरी मुंबईला गेले, हॉटेलांच्या बँडमध्ये आणि तिथून सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला तो खट्याळ ट्रम्पेट चिक चॉकलेटचा, तो मूळचा गोव्याचाच.

तर मुद्दा असा, की आजोबांनी पुढे बरीच वर्षं ती गिटार मांडीवर आडवी ठेवून, स्टीलच्या कांडीने वाजवलेली मी लहानपणी पाहिली आहे. हवाईयन म्हणायचे तेव्हा. सिनेमाची गाणी वाजवायचे. नट उंच केलेला असेल, तेवढं बघा.

निपाणीकर
ताई, ही माहिती सोन्यासारखी आहे.

धागाकर्ते, आता नेककडे दुप्पट लक्ष द्या. हवाईयनसाठी नटवर उंच पट्टी बसवतात. ती काढता येते, त्याचं काही नाही. पण त्यासाठी जाड स्टीलच्या तारा लावलेल्या असतात. ट्रस रॉड नसलेल्या नेकवर तो ताण वर्षानुवर्षं राहिला की नेक बॉडीच्या सांध्यापाशी हळूहळू वर ओढली जाते. ब्रिज पूर्ण खाली उतरवा आणि बाराव्या फ्रेटवर तार किती उंच राहते ते मोजा. ब्रिज तळाला लागूनही तार उंचच असेल तर नेक उघडून कोन बदलून परत बसवावी लागेल. ते काम गल्लीतल्या मिस्त्रीचं नाही.

सतारमेकर_गल्ली
निपाणीकरांशी सहमत. नेकचा सांधा आम्ही मिरजेत करून देऊ शकतो असं मी म्हणणार नाही. सतारीच्या दांडीचा सांधा वेगळा, गिटारीचा वेगळा. पट्टी आणि घोडी खुशाल पाठवा.

हवाईयनवरून आठवलं. ब्रिजभूषण काब्रांनी रागदारी आणली ती आर्चटॉपवरच, गिब्सन सुपर 400 वर. आणि विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा बघा. मूळ अंग आर्चटॉपचंच, त्यावर चिकारी आणि तरफा चढवल्या. त्यांना 1994 चा ग्रॅमी मिळाला तेव्हा आमच्या गल्लीत कितीतरी दिवस तोच विषय होता.

खडेबाजार_ब्लूज
म्हणजे घरी सांगायचं, गिटार नाही आणली, वीणा आणलीय. आजी नारळ फोडेल.

कडोलीचा_किशा
फोडंल की. आणि भजनाला घीऊन चल म्हणंल.

हुबळी_फ्लॅटवाउंड
तारांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. एएफ75 घेतलीत तर दुकानातून निघताना ज्या तारा असतील त्या काढून फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारांचा 12 चा सेट लावा, तिसरी तारही गुंडाळलेली. बोटांची खरखर जाते आणि सूर गोल, घट्ट येतो. पण तारा बदलल्या की ब्रिजची जागा पुन्हा लावायची. ब्रिज चिकटवलेला नसतो हे विसरू नका. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा आला तर ब्रिज टेलपीसकडे सरकवा, उतरला तर नेककडे. जागा मिळाली की दोन्ही बाजूंना मास्किंग टेपची खूण करून ठेवा. तारा एकेक करून बदला, सगळ्या एकदम काढल्या की ब्रिज हातात येतो.

आणि गोदिन फिफ्थ ॲव्हेन्यू किंगपिन बघितलीत का? कॅनडाची, जंगली चेरीच्या प्लायची, एकच पी-90 पिकअप. आर्टकोरपेक्षा कोरडा, लाकडी आवाज. घरी बसून वाजवायलाही ॲम्पशिवाय बरी बोलते. मात्र पी-90 गुणगुणतो, आणि बेळगावच्या जुन्या घरांत अर्थिंग धड नसेल तर फारच.

टिळकवाडी_स्विंग
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी बघून आलो. किशाचा एलईडी आणि निपाणीकरांनी सांगितलेल्या मोजमापासाठी मोजपट्टी दोन्ही घेऊन गेलो होतो.

टॉप कोरीव आहे. एफ-होलच्या काठावर थर दिसत नाहीत, स्प्रूसच्या रेषा वरून खाली सरळ उतरतात. मधे जाड आणि काठाकडे पातळ होत जातो, म्हणजे दाबून वाकवलेला नाही. तडा नाही. खर्जाच्या बाजूची पट्टी एका टोकाला चार बोटं सुटली आहे. झीरो फ्रेट आहे. ट्रस रॉड नाही. नटवर पितळी उंच पट्टी होती, कॅम्पवालीताई म्हणाल्या तशीच. ती घरच्यांच्या परवानगीने काढली.

ब्रिज तळाला टेकवला. बाराव्या फ्रेटवर खर्जाची तार साडेपाच मिलिमीटर. वरच्या फ्रेटवर बोट दाबताना नख पांढरं होतं.

पण आवाज! एक साधा जी सहा वाजवला आणि खोलीभर पसरला. एल_फाइव्ह_प्रेमी, तुम्ही जे लिहिलंत ते त्या एका कॉर्डमध्ये कळलं.

आता काय करू? किंमत पाडून मागू का?

रात्रपाळी_अनगोळ
साडेपाचवर जॅझ वाजणार नाही. कोन बदलायचा खर्च, बेंगळुरू किंवा मुंबईला पाठवायचा खर्च, पट्टीचा खर्च आणि टांगता पिकअप, सगळं 45,000 मध्ये मिळवा. त्या पैशात ईस्टमनची एआर371 दिसू लागते. तीही प्लाय, 16 इंची, 175 च्याच वळणाची.

एल_फाइव्ह_प्रेमी
मी असतो तर घेतली असती आणि नेकही करून घेतली असती. पण मी स्टेजवर वाजवत नाही. तुमच्या गरजेला रात्रपाळी म्हणतात ते लागू पडतं, हे मान्य.

एक विनंती. घरच्यांसमोर गिटारीचे दोष काढून भाव पाडू नका. आजोबांचं वाद्य आहे. दुरुस्ती कशाला किती लागते ते कागदावर लिहून द्या आणि तुमचा आकडा सांगा. पटलं तर देतील.

जांबोटी_घाट
+1. आणि कुणी परदेशातल्या गिऱ्हाईकाला विकायचा सल्ला दिला तर आधी फिंगरबोर्डचं लाकूड तपासून घ्या म्हणावं. साध्या शिसवीच्या तयार वाद्यांना 2019 नंतर साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागदांतून सूट आहे, पण ब्राझिलियन रोझवुड 1992 पासून सगळ्यात कडक यादीत आहे. कागदाशिवाय ते सीमेवर अडकतं.

सतारमेकर_गल्ली
सगळे त्या साडेपाच मिलिमीटरला दोष का म्हणताय? मांडीवर आडवी ठेवून कांडीने वाजवणाऱ्याला तीच उंची हवी असते. पितळी पट्टी परत बसवा, सुटलेली पट्टी सरसाने चिकटवा, आणि आजोबा वाजवायचे तसं ते वाद्य उद्यापासून वाजायला तयार आहे. नेक उघडायची गरजच नाही. त्या ताणाखाली इतकी वर्षं राहून ती जिथे थांबायची तिथे थांबली आहे. स्लाइडवाल्यासाठी हा 45,000 चा भाव मला जास्तही वाटत नाही, कोरीव टॉप आहे.

कॅम्पवाली
हे मी आज संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगते. त्यांनाही ती वाजवणाऱ्याकडेच जायला हवी आहे.

शहापूर_नाट्यपद
पहिल्यांदाच लिहितोय. मी स्लाइड वाजवतो, नाट्यपदं आणि अभंग. आत्ता जी गिटार आहे ती सपाट पोटाची, मींड घेतली की सूर लगेच विरतो. कॅम्पवालीताई, मला निरोप पाठवाल का? टिळकवाडीकर, तुम्ही घेणार नसाल तरच. पहिला हक्क तुमचा.

टिळकवाडी_स्विंग
मी घेत नाहीये. रविवारी चोर्ल्याने पणजीला जातोय, एएफ75 आणि जमलं तर किंगपिन शेजारी शेजारी वाजवून बघणार. दोन्हीला एकच ॲम्प, टोन निम्म्यावर.

शहापूरकर, तुम्ही खुशाल जा. सुटलेली पट्टी खर्जाच्या बाजूला, नेककडच्या टोकाला आहे. माझ्याकडे आतला व्हिडिओ आहे, तो तुम्हाला आणि मिरजेला दोघांनाही पाठवतो.

सतारमेकर_गल्ली
पाठवा. आणि शहापूरकर, आणताना तारा पूर्ण काढू नका, फक्त दोन-दोन सूर उतरवा. ब्रिजखाली टेपची खूण करा आणि टेलपीसखाली मऊ फडकं ठेवा. तारा काढल्या तर टेलपीस लोंबकळून टॉपवर आपटतो.

शहापूर_नाट्यपद
बरं. तारा कुठल्या गेजच्या (जाडीच्या) लावू? मी काळी दोन पट्टीत डी मेजर ओपन लावतो.

हुबळी_फ्लॅटवाउंड
काळी दोन म्हणजे नेहमीच्या डीपेक्षा अर्धा सूर वर. 13 च्या पुढे जाऊ नका, ट्रस रॉड नाही तिला. निरोपात बोलू, तुमच्या कांडीचं वजन किती ते सांगा.